मजुराचे कूळ

'नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये' ही म्हण ज्याने केली तो गृहस्थ मोठा व्यवहारी असला पाहिजे. व्यासांचे आजोळ विचारायला जावे तर ते कोळ्याच्या होडीत निघते. तेव्हा न विचारलेलेच बरे, असा त्याचा हिशेब. परंतु ऋषींचे एक बरे असते. कूळ सांगितले नाही तरी त्यांचे नाव राहते. ज्याचे नावसुद्धा मागे उरावे असे कोणाला वाटले नाही, अशा माणसाचे कूळ शोधावे की शोधू नये, याविषयी म्हण काही बोलत नाही. मला आज भांडायचे आहे ते अशा माणसाच्या वतीने; आणि वाचकांना थोडे नवल वाटेल, पण हा माणूस इंग्रज आहे.

इंग्रज म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे साहेब उभा राहतो. कलेक्टर, कप्तान, नाहीतर टोपी सावरीत शिकारीला निघालेला कोणीतरी. त्या साहेबाच्याच देशात, दुसऱ्याच्या रानात राबणारा, आठवड्याला सात-आठ शिलिंगांवर बायको आणि पाच-सहा पोरे जगवणारा, लग्नाच्या दिवशी सही म्हणून फुली मारणारा आणखी एक इंग्रज होता, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांनी आपल्याला फारसे सांगितले नाही. तो आपल्याकडे आलाच तर गोरा शिपाई होऊन आला आणि पुष्कळदा पटकीने मेला. बाकीचे कॅनडात गेले, ऑस्ट्रेलियात गेले, न्यूझीलंडात गेले. आज त्यांचे पणतू-खापरपणतू त्यांचा माग काढीत आहेत. या माग काढण्यावरूनच आमच्या गावात माझे आणि एका वडीलधाऱ्या स्नेह्यांचे भांडण जुंपले आहे, आणि ते गणपतीपासून अजून मिटलेले नाही.

या स्नेह्यांना सगळा गाव दादा म्हणतो, मीही म्हणतो. त्यांचा मुलगा कॅनडात ओंटारिओ प्रांतात स्थायिक झाला आणि त्याने तिकडचीच मुलगी केली. (दादांनी चार महिने अबोला धरला आणि नातवाचा फोटो आल्यावर सोडला, पण तो भाग इथे नको.) यंदा गणपतीला सूनबाई आल्या होत्या. दादांच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघत आहे आणि दादा तिच्या संपादकांपैकी एक. सूनबाईंच्या नावापुढे त्यांनी 'इंग्लंडातील एका सरदार घराण्यातील' असे शब्द घातले होते. आधार काय? तर आडनाव कळवून विकत मागवलेली एक चौकट. तिच्यात ढाल, ढालीवर पंजा उगारलेला सिंह आणि खाली एक लॅटिन वाक्य. सूनबाई मराठी अडखळत का होईना, वाचतात. त्यांनी ती ओळ बोटाने लावली, आपल्या सामानातून जाडजूड फाइल काढून आणली आणि म्हणाल्या, "बाबा, आम्ही सरदार नाही. आम्ही शेतमजूर. हे कागद."

दादा माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्हीच समजवा तिला. असले कोणी छापतो का?"

मी समजावले, पण तिला नव्हे, दादांना. तेव्हापासून ते माझ्याशी हवापाण्यापुरते बोलतात.

आधी त्या ढालीचे पाहू. इंग्लंडात १४८४ सालापासून 'कॉलेज ऑफ आर्म्स' नावाची संस्था आहे. ढालीवरची चिन्हे कोणाची, हे पाहण्याचे काम तिचे. तिचा नियम साधा आहे. चिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला मिळते आणि त्याच्यामागून त्याच्या वंशजांना मिळते. म्हणजे 'अमुक आडनावाची ढाल' अशी वस्तूच जगात नाही. ती विकणारे दुकानदार मात्र आहेत. उद्या एखाद्या जाधवाने आडनाव जुळते म्हणून सिंदखेडच्या जाधवरावांची मोहोर आपल्या बैठकीत टांगली तर दादाच त्याला हसतील. पण साहेबाच्या मुलखातली ढाल आली की आपली चिकित्सक बुद्धी रजेवर जाते.

मी शाळेत गणितही शिकवतो. प्रत्येकाला आई-बाप दोन, आजे-आज्या चार, पणजे-पणज्या आठ. असे दहा पिढ्या मागे गेले की १०२४ जागा भरतात. त्यांपैकी एखाद्याने चिलखत घालून लढाई केलीही असेल. उरलेल्या १०२३ जणांनी असे काय पाप केले, की त्यांना ओलांडून आपण त्या एकाच्या मांडीवर जाऊन बसावे? त्यांनी नांगर धरला, मेंढ्या कातरल्या, दुसऱ्यांची धुणी धुतली, बाळंतपणात मेल्या. वंशावळ काढायची तर या सगळ्यांची काढा. नाहीतर ती वंशावळ नव्हे. ते एका लग्नाच्या वाटाघाटीत दाखवायचे दागिने झाले.

आता सूनबाईंची फाइल. ती मी दोन दिवस घरी आणून वाचली. शब्दकोश घेऊन वाचली, कारण माझे शिक्षण शालान्त परीक्षेपुरते आणि इंग्रजी तेवढेच. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला असे काही वाचून आपल्या धंद्याची लाज वाटावी, इतके तिच्यात होते.

इंग्लंडात १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावात, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी. या वह्यांतून जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्या गुराख्याचा मुलगा एकाखाली एक येतात; शाई एकच, अक्षर एकाच पाद्र्याचे. १७५४ पासून लग्नाच्या नोंदीखाली नवरा-नवरीने सही करायची पद्धत आली. ज्यांना येत नाही त्यांनी फुली मारायची. सूनबाईंच्या फाइलीत अशा चार पिढ्यांच्या फुल्या आहेत. एक फुली तर इतकी दाबून मारलेली आहे की कागद फाटता फाटता राहिला असावा.

१८३७ च्या जुलैपासून सरकारी जन्ममृत्यूनोंद सुरू झाली. १८४१ च्या जूनमध्ये जी खानेसुमारी झाली तिच्यात पहिल्यांदा देशभर घरोघरच्या माणसांची नावे टिपून ठेवली गेली. शेतमजूर इतके होते, की तो शब्द लिहून लिहून हात दुखू नये म्हणून गणकांना 'ॲग. लॅब.' एवढेच लिहायची मुभा होती. पानेच्या पाने खाली तेच. 'ॲग. लॅब., ॲग. लॅब., ॲग. लॅब.' माणूस कोणत्या गावी जन्मला हेही त्या खेपेस विचारले नाही. याच परगण्यातला का, एवढेच विचारले. गावाचे नाव विचारायला १८५१ उजाडावे लागले. जे १८३० च्या आसपास देश सोडून गेले त्यांची नावे या दोन्ही कागदांत यायची कशी?

तेव्हा गरिबाचा माग लागतो तो दुसरीकडे. तो लागतो त्याच्यावर उपकार करणाऱ्यांच्या हिशेबवहीत. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपापले गरीब पोसण्याची जबाबदारी टाकली, आणि १६६२ च्या कायद्याने 'आपले' म्हणजे कोण ते ठरवण्याची व्यवस्था केली. मजूर कामासाठी शेजारच्या गावी गेला आणि तिथे अंगावर पडेल असे वाटले, की त्याला पुढे बसवून जबानी घ्यायची. जन्म कुठला, बाप कुठला, कोणाकडे सालाने राहिलास, वर्ष पुरे केलेस का, पगार काय होता? मग हुकूमनामा लिहून त्याला त्याच्या 'हक्काच्या' गावी पोहोचते करायचे. जबानी घेणाऱ्याच्या मनात दया नव्हती, पैसे वाचवायचे होते. पण त्या चिकटपणामुळे एका निरक्षर माणसाचे सबंध आयुष्य अर्ध्या पानात उतरले, जे त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीही लिहिले नसते. अविवाहित बाईला दिवस गेले तर तिला शपथेवर बापाचे नाव सांगायला लावीत; मुलाच्या पोटाचा खर्च गावावर पडू नये म्हणून. आज कित्येक घराण्यांना आपल्या मूळ पुरुषाचे नाव सापडते ते केवळ त्या बाईच्या त्या एका जबानीत. पाद्र्याच्या वहीत त्या मुलासमोर 'अनौरस' एवढाच शब्द असतो.

सूनबाईंच्या पूर्वजाच्या नावावर गावच्या गरीबखात्यात काय काय आहे, ते पाहा: एक जोड बूट. पीठ. दोन आठवडे आजारी, त्याबद्दल काही शिलिंग. पुन्हा पीठ. आणि मुलाच्या शवपेटीचे पैसे. मूल कोणते, त्याचे नाव काय, ते हिशेबात नाही. ते तिने दफनाच्या वहीशी तारीख ताडून काढले. त्यावर तिचे चार महिने गेले. दादा म्हणतात, हे उकरून मिळवायचे काय? मी म्हणतो, दादा, त्या पोराचे नाव मिळवले.

हा माणूस ससेक्समधल्या पेटवर्थच्या आसपासचा. पेटवर्थला अर्ल ऑफ एग्रेमाँट नावाचे बडे जमीनदार होते; त्यांच्या वाड्यावर टर्नरसारखा चित्रकार महिनोन् महिने राहून चित्रे काढी. वाड्याबाहेर मात्र वेगळे चित्र होते. नेपोलियनशी चाललेली लढाई संपल्यावर धान्याचे भाव पडले, सामाईक रानांना कुंपणे पडली, हिवाळ्यातले मळणीचे काम यंत्राने खाल्ले. १८३० साली केंटपासून दक्षिण इंग्लंडभर मजुरांनी मळणीयंत्रे फोडली, 'कॅप्टन स्विंग' या खोट्या नावाने जमीनदारांना धमकीची पत्रे टाकली. सरकारने १९ जणांना फासावर चढवले आणि ४८० च्या आसपास माणसे जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला पाठवली. त्यानंतर दीड वर्षाने, १८३२ च्या वसंतात, पेटवर्थचे पाद्री टॉमस सॉकेट यांच्या देखरेखीखाली आणि अर्लसाहेबांच्या पैशाने गरिबांची जहाजे पोर्ट्समथ बंदरातून कॅनडाकडे निघू लागली. १८३७ साली अर्ल वारले आणि हे काम थांबले. तोवर सुमारे अठराशे माणसे गेली होती.

आता याला दान म्हणायचे की हकालपट्टी? इंग्लंडातही त्यावर वाद झालेला आहे. माझे मत विचाराल तर सॉकेट हा मनुष्य मनापासून झटला, मजुरांचे बरे व्हावे असे त्याला खरोखरच वाटत होते. पण गावच्या पंचांनी जो हिशेब मांडला तो वेगळा होता. हे कुटुंब इथे राहिले तर वर्षाला इतके पौंड. एकदाच जहाजभाडे भरले तर कायमचे सुटलो. १८३४ च्या नव्या गरीब कायद्यात तर पॅरिशने कर्ज काढून गरिबांना परदेशी रवाना करावे अशी सोयच करून ठेवली. जाणाराच्या खुशीने जायचे, असे म्हणत. घरात पीठ नाही, समोर नवरा-बायकोला वेगवेगळ्या दालनांत ठेवणारे वर्कहाऊस आहे, अशा माणसाची खुशी ती केवढी!

मजुरांनी तिकडून पत्रे लिहिली. सॉकेटने ती निवडून छापली, पुढच्या वर्षी आणखी माणसे निघावीत म्हणून. पत्रे लिहिणारे फुशारकी कशाची मारतात, तर मालकाच्या मेजावर बसून त्याच्याबरोबर जेवतो याची. जमिनीची, पगाराची हकिगत त्यांच्यात आहेच, पण जेवणाचा हा उल्लेख वाचून मी थबकलो. आपल्याकडे पंगतीचा अर्थ ज्यांना ठाऊक आहे त्यांना यावर भाष्य नको. वेंडी कॅमेरॉन आणि मेरी मॅकडुगल मॉड या दोन बायकांनी ही पत्रे जमवून, त्यांतली माणसे गावच्या वह्यांशी ताडून २००० साली ग्रंथ प्रसिद्ध केले. सूनबाईंच्या फाइलीची सुरुवात तिथून झाली.

इथे मला एक विलक्षण गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जो मजूर निमूटपणे, स्वखुशीने, कोणाची काडी न मोडता देश सोडून गेला, त्याचे जहाज कोणते हे पुष्कळदा सापडत नाही. कारण ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या उतारूंच्या सरकारी याद्या शिल्लक आहेत त्या १८९० पासूनच्या. आणि ज्याने यंत्र फोडले, मेंढी चोरली, त्याची उंची, डोळ्यांचा रंग, भुवईवरचा व्रण, दंडावर गोंदलेले अक्षर, धंदा, गाव, सगळे सरकारने टिपून ठेवले. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटन आणि आयर्लंडातून सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात नेले. त्यांची दप्तरे इतकी मोलाची ठरली की २००७ साली युनेस्कोने त्यांना जगाच्या स्मृतिसंचितात जागा दिली. त्याच कैद्यांच्या नातवंडांनी पिढ्यान् पिढ्या 'आमचे आजोबा खुशीने आले' असे सांगून वेळ मारून नेली होती. आता तीच घराणी कैदी पूर्वज सापडला की पेढे वाटतात. अब्रूचे हे असे आहे, दादा. शंभर वर्षे ज्याची लाज वाटते, त्याचीच पुढे चौकट होते.

आणि लाज कोणाला वाटावी? डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावचे सहा शेतमजूर. मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ झाली, आठावरून सात झाली, सहा होणार असे कानावर आले, तेव्हा त्यांनी संघ काढला. संघ काढणे गुन्हा नव्हता. म्हणून आरमारातल्या बंडाळीसाठी १७९७ साली केलेला शपथबंदीचा कायदा शोधून काढला आणि १८३४ च्या मार्चमध्ये त्यांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. देशभर गहजब झाला, १८३६ मध्ये माफी मिळाली, ते परत आले. पण सहांपैकी पाच जणांना इंग्लंडात राहवेना. तेही ओंटारिओतच गेले, तिथल्या लंडन गावाजवळ शेती केली, आणि आपण कोण, आपल्यावर काय गुदरले हे तिथे कोणाला कळू दिले नाही. मुलाबाळांपासूनही लपवले असे सांगतात. सहावा, जेम्स हॅमेट, तेवढा टॉलपडलला राहिला. १८९१ साली तो वारला, वर्कहाऊसमध्ये. ज्यांच्या नावाने आज त्या गावात संग्रहालय आहे आणि दर जुलैत मेळा भरतो, त्यांच्या पोरांना आपला बाप कोण हे नीट ठाऊक नव्हते! बापाने बोलायचे नाही आणि पोरांनी विचारायचे नाही, या शहाणपणाची ही किंमत.

परदेशात वाढलेल्या वंशजांनाही माझे दोन शब्द ऐकवायचे आहेत. सगळा राग दादांवर नको. या मंडळींपैकी बरेच जण विमानाने इंग्लंडात उतरतात, पूर्वजांच्या खेड्यात जातात, गवताने शाकारलेली घरे, दारातले गुलाब, चर्चच्या आवारातले जुने झाड यांचे फोटो घेतात, लोणी-मुरंबा लावून चहा पितात आणि 'आमचे मूळ इथले' म्हणून डोळे पुसतात. अहो, तुमच्या पणज्याला या घराचे छप्पर गळत होते म्हणून खोकला झाला होता! त्या घरांच्या किमती आज मजुराच्या वंशजाने विचारूही नयेत अशा आहेत. गावाने त्याला ठेवून घेतले असते तर तुम्ही कॅनडात जन्मला नसता. चहा प्या, पण आधी चर्चमध्ये जाऊन गरीबखात्याची वही कुठल्या दप्तरखान्यात आहे ते विचारा.

ऑक्सफर्डशायरमध्ये विचवुडच्या बाजूला दोन गावे जवळजवळ आहेत. १८७२ साली जोसेफ आर्च नावाच्या मजुराने वॉरिकशायरमध्ये शेतमजुरांची मोठी संघटना उभी केली, तिचे वारे तिथवर पोहोचले. त्यांतल्या ॲस्कॉट गावी १८७३ साली संपात बाहेरचे मजूर येऊ नयेत म्हणून आडव्या गेलेल्या १६ बायकांना सक्तमजुरीची कैद झाली. त्यांतल्या काहींची पोरे अंगावर पिणारी होती. दुसरे गाव शिप्टन. न्यूझीलंड सरकारने त्याच वर्षापासून फुकट प्रवास देऊ केला होता, संघटनाही लोकांना जा म्हणत होती. १८७४ च्या सप्टेंबरात शिप्टनच्या एका गोतावळ्यातली लहानमोठी १७ माणसे 'कॉस्पॅट्रिक' जहाजावर चढली. १७ नोव्हेंबरच्या रात्री आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या पलीकडे, भर समुद्रात जहाजाला आग लागली. ४७० च्या वर माणसांपैकी शेवटी तिघे जिवंत राहिले. ते तिघेही खलाशी. शिप्टनच्या हिरवळीवर त्या सतरा जणांचे स्मारक म्हणून पाण्याचे कारंजे बांधलेले आहे. त्यांचे वंशज नाहीत, त्यांचा माग काढायला ओंटारिओहून की ऑकलंडहून कोणी यायचे नाही. मग त्यांची नावे राहिली कशी? गावाने ठेवली म्हणून. मी दादांना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले, आणि मग "बरं, पण ते सरदार नव्हतेच ना," म्हणाले.

हल्ली आणखी एक सोय झाली आहे. नळीत थुंकी घालून पाठवली की घरबसल्या टक्केवारी येते. इतके टक्के इंग्रज, इतके नॉर्वेकडचे. विज्ञानाला माझा नमस्कार असो. चुलतभाऊ हुडकायला तिचा उपयोग होतो, हे सूनबाईंनीही सांगितले. पण सत्तर टक्के इंग्रज असण्याने माणसाला काय कळते? त्या सत्तरांत अर्लही बसतो आणि त्याचा मजूरही. बूट कोणाचे फाटले होते ते थुंकीत उतरत नाही. त्यापेक्षा मला ती माणसे थोर वाटतात, जी संध्याकाळी नोकरीवरून येऊन जुन्या वह्यांतली गिचमिड अक्षरे लावून यंत्रावर उतरवतात आणि कोणालाही फुकट पाहू देतात. १९९८ पासून जन्ममृत्यूनोंदींच्या सूचीचे असे काम हजारो स्वयंसेवक करीत आले आहेत. अमेरिकेत यूटामधल्या मॉर्मन पंथाने तर धर्मश्रद्धेपोटी १९३८ पासून जगभरच्या नोंदींचे चित्रण केले आणि डोंगर पोखरून त्याच्या पोटात ते ठेवले. मेलेल्या पूर्वजांचाही बाप्तिस्मा व्हावा ही त्यामागची त्यांची कल्पना. ती आपल्याला पटो न पटो, त्या कल्पनेमुळे एका गुराख्याचे नाव डोंगराच्या पोटात सुरक्षित आहे, हे मात्र खरे.

आमच्याही शाळेत जनरल रजिस्टर आहे. अलीकडे लोक आजोबा-पणजोबांची नोंद शोधत येतात. त्यांना दाखला हवा असतो. मोडी वाचणाऱ्याला भाव आला आहे. नोंद सापडली की जातीच्या रकान्याचा फोटो घेतात आणि जातात. त्याच ओळीत शेजारी 'पालकाचा धंदा : मजुरी' आणि 'शाळा सोडल्याचे कारण : गुरे राखण्यास' असे असते. तिकडे अजून तरी कोणाचे बोट गेलेले मी पाहिले नाही.

सूनबाईंची एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या मलाही थोडी बोचली. दादांनी शेवटचे अस्त्र म्हणून विचारले, "ठीक आहे, मजूर तर मजूर. पण तिकडे जाऊन जमीनदार झाले ना? तसे लिहू." त्या म्हणाल्या, "जमीन मिळाली, बाबा. पण ती रिकामी नव्हती. तिथे ॲनिशिनाबे लोक राहत होते. सरकारने त्यांच्याकडून घेतली, मग आम्हाला दिली. तेही लिहा." दादा माझ्याकडे पाहत राहिले. हाकलून दिलेला माणूस दुसऱ्या कोणाला हाकलून दिलेल्या जागेवर जाऊन बसतो, हे माझ्या बाजूच्या युक्तिवादात कुठे बसवावे ते मला त्या दिवशी सुचले नाही. आजही नीटसे सुचलेले नाही. पण हे तिला कळले ते फाइलीमुळे. ढालीवरचा सिंह तिला हे सांगायला आला नसता.

आता दादांच्या कुलवृत्तांताबद्दल. तो मी मुद्दाम मागून वाचला. त्यात पेशव्यांनी दिलेल्या इनामाला तीन पाने आहेत. घरात आलेल्या लेकी-सुनांना त्यांच्या माहेरच्या आडनावावाचून अर्धी ओळ. आणि चौथ्या पिढीत एका नावापुढे 'देशांतरी गेला. निर्वंश' असे आहे. रत्नागिरीकडचा तरुण, दीडशे वर्षांपूर्वी गेलेला. मी दादांना विचारले, देशांतरी म्हणजे कुठे? ते म्हणाले, कोणाला ठाऊक! आणि तो निर्वंश झाला हे मात्र कसे ठाऊक झाले?

कोकणातून त्या काळात मुंबई बंदरातून माणसे मॉरिशसला गेली, उसाच्या मळ्यांवर करारमजूर म्हणून. सबंध हिंदुस्थानातून तिथे साडेचार लाखांच्या आसपास माणसे उतरली. त्यांची दप्तरे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. प्रत्येकाचा क्रमांक, बापाचे नाव, गाव, आणि पुष्कळांचे छायाचित्रसुद्धा. मराठी बोलणाऱ्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. दादांचा तो पूर्वज तिथे गेला असे मी म्हणत नाही. तो कल्याणच्या पुढेही गेला नसेल. मी एवढेच म्हणालो, की 'निर्वंश' हा शब्द खोडा आणि 'शोध घेतला नाही' असे लिहा. खरे तेच लिहा.

यावर दादांचे उत्तर असे, की कुलवृत्तांत हा घराण्याची शोभा वाढवण्यासाठी असतो, चौकशी कमिशनचा अहवाल नसतो. आणि मी दोन कादंबऱ्या लिहिल्या म्हणून मला सगळीकडे दुःख दिसते. दुसरा आरोप थोडासा खरा आहे.

मुद्रिते दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेली. ढालीचे चित्र आधीच छापून झालेल्या फर्म्यात होते, त्याचे पैसे भरलेले होते, तेव्हा ते राहिले. तिच्याखालचा मजकूर सूनबाईंनी आपल्या हाताने, एकेक अक्षर जपून लिहून दिला होता आणि दादांनी तो खोडला नाही; त्यातल्या 'शेतमजूर' शब्दाचा 'त' तेवढा त्यांनी नीट करून दिला. चौथ्या पिढीतला 'निर्वंश' तसाच आहे. परवा बाजारात भेटले तेव्हा हवापाणी झाल्यावर पिशवी या हातातून त्या हातात घेत त्यांनी विचारले, मोक्याला पत्र इंग्रजीत लिहावे लागते की मराठी चालते?